कोंदण

दिवाळी होऊन गेली होती. धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या होत्या, पुंजणे रचले गेले होते आणि आरमोरीच्या आसपासच्या गावांत मंडई भरायला लागली होती. मंडई म्हटली की रात्री नाटक आलंच. त्या रात्री कुठल्याशा गावातून झाडीपट्टीच्या नाटकातलं गाणं वाऱ्यासोबत येत होतं, विरत होतं, पुन्हा येत होतं. तेवढ्यात चंद्रपूरहून भाचीचा फोन आला.

“मावशी, मले एक खडा निवडायचा हाय. तू येशील?”

मला वाटलं, कुणीतरी पत्रिका पाहून नीलम नाहीतर पुष्कराज सांगितला असेल. ती म्हणाली, “तसा नाही गं. लग्नाले अजून दोन वर्षं हायेत. साखरपुडाही आत्ता नाही. पण आमी एकमेकाले शब्द दिला. त्या शब्दाची अंगठी.”

हल्लीची मुलं याला प्रॉमिस रिंग म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पण ‘शब्दाची अंगठी’ हे तिचं तिनंच बोलता बोलता केलेलं नाव होतं. ते ऐकून मी अंथरुणात उठून बसले. तशी एक अंगठी माझ्या कपाटात होती. तिच्यात खडा नव्हता.

दोन दिवसांनी मी चंद्रपूरला गेले. जटपुरा गेटमधून आत शिरलं की गांधी चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गर्दी तुम्हाला स्वतःच पुढे नेते. त्या गर्दीतून बाजूला होऊन आम्ही एका जुन्या सोनाराच्या दुकानात बसलो. त्यानं खणातून कागदाच्या पुड्या काढल्या. खडे विकणारे लोक एक कागद असा घडी घालतात की त्यातून राईएवढा हिराही निसटत नाही, आणि प्रत्येक पुडीवर पेन्सिलीनं वजन लिहिलेलं असतं. एकेक घडी उलगडत गेली. माणिक, पाचू, पुष्कराज, नीलम, गोमेद, लसण्या. एका डबीत पोवळी होती, दुसरीत मोती. भाचीचा हात पुढे जाईना. एवढे रंग एकदम पाहिले की माणूस गप्प होतो.

“रास कोणती?” सोनारानं विचारलं.

“दोघांची वेगवेगळी.”

“मंग कोणाच्या राशीचा दाखवू?”

त्या साध्या प्रश्नापाशी मी बराच वेळ रेंगाळले. ग्रहाचा खडा माणूस स्वतःसाठी घालतो. आपली साडेसाती टळावी, आपली बुद्धी तेज व्हावी, आपल्या घरात पैसा टिकावा. नवग्रहांची नवरत्नं ही आपल्याकडची फार जुनी, फार विचारपूर्वक लावलेली मांडणी आहे आणि तिच्यावर श्रद्धा असलेल्यांबद्दल मला आदर आहे. माझ्या सासूबाईंनी पोवळं शेवटपर्यंत काढलं नाही. पण शब्दाचा खडा वेगळा. तो आपल्या बोटात असतो आणि त्याचा रोख दुसऱ्याकडे असतो. तो आपलं रक्षण करत नाही. उलट आपणच त्याचं रक्षण करायचं असतं. म्हणून रास कुणाची, हा प्रश्न तिथे लागूच पडत नव्हता. भाचीला हे माझ्याआधी कळलं असावं. ती म्हणाली, “राशीचा नको. रोज हातात राहीन असा दाखवा.”

सोनार सरसावून बसला. त्याच्या धंद्यातला खरा विषय आता निघाला होता.

“रोज घालायचं असन तं पह्यले धुरीचा विचार करा,” तो म्हणाला. झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, त्यामुळे धूळ म्हणजे धूर की काय, असं बाहेरच्याला वाटेल. चंद्रपुरात दोन्ही आहेत. औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या गावातून दिसतात, आणि कोळशाच्या ट्रकांची काळी भुकटी वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. पण सोनाराच्या मनात होती ती साधी, कुठल्याही घरातली धूळ. तिच्यात गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, अतिसूक्ष्म कण असतात. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजतज्ज्ञानं 1812च्या सुमारास खनिजांच्या कठीणपणाची दहा पायऱ्यांची शिडी बांधली. कोणता दगड कोणाला ओरखडू शकतो, एवढ्यावर ती उभी आहे. गार तिच्यात सातव्या पायरीवर बसते. म्हणजे सातच्या खालचा कोणताही खडा बोटात घातला, की रोजची धूळ पुसतानाही तो झिजत जाणार. मोती तीनच्या आसपास, पोवळंही तिथंच. ती गळ्यात, कानात शोभतात. बोटात, भांडी घासणाऱ्या हातात, ती फार काळ टिकत नाहीत. पाचू साडेसातच्या पुढे आहे, पण त्याच्या पोटात निसर्गतःच बारीक भेगा असतात. त्या दिसू नयेत म्हणून त्यात तेल भरण्याची रीत फार जुनी आहे. गरम पाणी आणि साबण यांनी ते तेल निघून जातं आणि भेगा वर येतात. माणिक आणि नीलम ही मुळात एकाच खनिजाची दोन रूपं, नवव्या पायरीवरची. आणि शेवटच्या पायरीवर एकटा हिरा.

“म्हंजे हिराच,” भाची म्हणाली.

“हिरा कोनाले ओरखडू देत नाही,” सोनार म्हणाला, “पन ठोका बसला तं फुटते.” त्यानं बोट आडवं धरून दाखवलं. हिऱ्याच्या आत काही ठरलेल्या दिशा असतात, त्या दिशेनं घाव बसला तर तो सरळ चिरतो. हिरा कापणाऱ्यांनी शेकडो वर्षं त्याच दिशा शोधून त्याचे तुकडे केले. कठीण असणं आणि चिवट असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवताना मी ही ओळ खनिजांच्या धड्यात कितीदा सांगितली असेल. माणसांच्या संदर्भात ती त्या दुकानात पहिल्यांदा ऐकू आली.

तेवढ्यात तो मुलगा आला. पहिली पाळी संपवून थेट. एका खुल्या कोळसा खाणीत तो काम शिकतो आहे. तोंड धुऊन आला होता, पण पापण्यांच्या कडांना काजळासारखी काळी रेघ राहिली होती. मला वाकून नमस्कार केला, भाचीच्या शेजारी न बसता माझ्या शेजारी बसला, आणि पुडीतल्या हिऱ्याकडे पाहून म्हणाला, “मावशी, कोळशाचाच हिरा होते ना? म्हून मी म्हनलं, हिराच घेऊ. माह्या खानीचा वाटन.”

त्याच्या त्या वाक्यात इतकं प्रेम होतं की ते खरं नाही, हे सांगायला मन होईना. तरी सांगितलं. चुकीच्या गोष्टीवर शब्दाची अंगठी बांधू नये असं मला मनापासून वाटतं.

कोळशाचा हिरा होत नाही. कोळसा हे झाडांचं शरीर आहे. चंद्रपूरच्या खाली जो कोळसा आहे, तो सुमारे 28 कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या जंगलांचा. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या, जिभेच्या आकाराच्या पानांच्या झाडांचा. त्या पानांचे ठसे दक्षिण अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत सापडले, तेव्हा हे सगळे खंड कधीकाळी जोडलेले असावेत असा विचार पुढे आला. त्या हरवलेल्या महाखंडाला एदुआर्द सुएस या भूवैज्ञानिकानं 1885 मध्ये नाव दिलं गोंडवाना. आपल्या इथल्या गोंडांचं नाव, अर्ध्या पृथ्वीला. वर्गात हे सांगताना गोंड मुलांच्या माना ताठ होत, ते दृश्य मी विसरलेले नाही. हिरा मात्र याहून कितीतरी जुना आणि कितीतरी खोलवरचा. दीडशे किलोमीटर आणि त्याहून खाली, प्रचंड दाबात, शंभर ते साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी बनलेला. बहुतेक हिरे तयार झाले तेव्हा जमिनीवर एकही झाड नव्हतं. त्यामुळे कोळसा हिऱ्याचा बाप होऊ शकत नाही. दोघांत कार्बन तेवढा एक. एक झाडाच्या वाटेनं आला, दुसरा आगीच्या.

तो ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, “म्हंजे माह्यावालं जंगलच हाये.” मला वाटतं, हिऱ्याहून ते त्याला अधिक आवडलं.

सोनारानं प्रयोगशाळेत घडवलेला हिराही दाखवला. सुरतेत आता तो मोठ्या प्रमाणावर बनतो. कार्बन असलेल्या वायूपासून तो बारीक थरांनी वाढवतात. तोच पदार्थ, तीच दहावी पायरी, किंमत मात्र खाणीतल्या हिऱ्यापेक्षा कितीतरी कमी. 2023 मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरटचा असाच हिरा भेट दिला होता. तो खोटा नाही, हे मी दोघांना ठासून सांगितलं. वचनाला हिराच हवा, ही समजूतही फार जुनी नाही. हिरा कायमचा असतो हे घोषवाक्य एका मोठ्या हिरे कंपनीच्या जाहिरातीसाठी 1947 मध्ये लिहिलं गेलं आणि जगभरच्या तरुणांनी ते आपलंच मानलं. आपल्याकडे शब्द देताना हातावर पाणी सोडत, बेलभंडारा उचलत, तुळशीपाशी उभं राहत.

त्या दिवशी काही ठरलं नाही. संध्याकाळी आम्ही तिघं अंचलेश्वर गेटकडे चालत गेलो. तिथं गोंड राजांच्या समाध्या आहेत, आणि त्यांतली सर्वांत देखणी आहे ती बीरशहाची. अठराव्या शतकाच्या आरंभी त्याचा त्याच्याच पदरच्या हिरामण नावाच्या माणसानं खून केला. मागे राणी उरली, तिचं नाव हिराई. दत्तक घेतलेल्या रामशहाच्या नावानं तिनं राज्य चालवलं, महाकालीचं मंदिर बांधलं, आणि नवऱ्याची ही समाधी उभी केली. नवऱ्यानं बायकोसाठी बांधलेल्या इमारती जगाला पाठ आहेत. इथं बायकोनं बांधली आहे. दर चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून, तेलंगणातून लोक येतात, गाव भरून जातं. त्यांतले किती जण हिराईचं नाव घेतात, कोण जाणे. समाधीच्या घुमटाखाली गारवा होता. भाचीनं दगडावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

आरमोरीला परतताना मी तिला सोबत आणलं. म्हटलं, हिरा घ्यायचा की नाही ते मग ठरव, आधी हिऱ्यांचं गाव बघ.

वैरागड आमच्या तालुक्यातच आहे. खोब्रागडी नदीच्या काठचं. त्या नावाच्या मुळाशी आहे वज्राकर, हिऱ्यांची खाण. तामिळ देशात राज्य करणाऱ्या कुलोत्तुंग चोळानं गादीवर येण्यापूर्वी, म्हणजे 1070च्याही आधी, वयिरागरम् इथं हत्ती पकडल्याचं त्याच्या शिलालेखांत आहे आणि ते हेच वैरागड, असं अभ्यासक मानतात. अकबराच्या काळी अबुल फज़लनं ऐन-ए-अकबरीत चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, गोंड राजाबरोबर वैरागडचीही नोंद केली ती हिऱ्याच्या खाणीसकट. खाणीच्या राखणीसाठीच बाबाजी बल्लाळशहानं किल्ला बांधला, असं गावात सांगतात. तो काळ असा होता की जगातला जवळजवळ प्रत्येक हिरा भारतातून जायचा. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत तसंच होतं. राजांच्या मुकुटांत, व्यापाऱ्यांच्या कमरेच्या कशात, दूरदेशीच्या बोटांत या झाडीतला एखादा खडा असेलच. तो कुठून आला हे आता कुणालाही सांगता येणार नाही. हिऱ्याला गाव नसतं. तो निघाला की निघाला.

किल्ल्याचा खंदक अजून आहे. दरवाजे उभे आहेत, तटावर झुडपं माजली आहेत, आत गुरं चरत होती. गुरांमागे एक म्हातारे बाबा होते. भाचीनं त्यांना विचारलं, “बाबाजी, इथं हिरे होते म्हन्ते?”

“होते म्हन्ते,” ते म्हणाले. “आता धान हाये.”

त्यांच्या आवाजात खंत नव्हती. हात पसरून त्यांनी पलीकडच्या बांध्या दाखवल्या. कापणीनंतरचे पिवळे खुंट उन्हात चमकत होते.

आम्ही नदीत उतरलो. पाणी घोट्याएवढं. ओल्या वाळूत असंख्य गारगोट्या लखलखत होत्या, आणि इतिहास माहीत असूनही, भूगोल माहीत असूनही, माझा हात एकदा खाली गेलाच. भाचीनं ओंजळभर वेचल्या. काठावर रुमाल पसरून वाळत घातल्या. ऊन लागताच एकेक विझत गेली. ओली असेपर्यंत प्रत्येक गार हिरा असते. तिनं त्यांतली एकच ठेवली, दुधी, अंगात तांबूस रेघ असलेली, बाकीच्या परत पाण्यात सोडल्या. तिनं त्या उकिरड्यात फेकल्या नाहीत, नदीतच परत नेऊन ठेवल्या, हे मला फार आवडलं.

तिथंच, पाय पाण्यात सोडून बसलो असताना, मी तिला बाहेरच्या एका शब्दाच्या खुणेबद्दल सांगितलं. गडचिरोलीच्या पलीकडे, इंद्रावती ओलांडली की बस्तर लागतं. तिथल्या मुरिया आदिवासींच्या घोटुलावर, म्हणजे तरुण मुलामुलींच्या एकत्र राहण्याच्या घरावर, व्हेरिअर एल्विन यांनी 1947 मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्यात लाकडी फण्यांबद्दल वाचलेलं माझ्या मनात राहिलं आहे. तिथला मुलगा, म्हणजे चेलिक, आपल्या हातानं लाकडाची फणी कोरतो, तिच्यावर नक्षी काढतो आणि मुलीला, मोटियारीला देतो. ती केसांत खोवते. त्या फणीला खडा नाही, सोनं नाही. तिच्यात आहेत ते कोरणाऱ्याचे दिवस. 1947 मध्येच तिकडे ते जाहिरातीचं वाक्य लिहिलं गेलं आणि इकडे हा ग्रंथ आला. भाची म्हणाली, “मंग त्याले फणी करता येते का इचारते.” आणि लाजली.

घरी आल्यावर मी कपाटातली डबी काढली.

ही अंगठी माझ्या आईची. म्हणजे भाचीच्या आजीची. आईचं लग्न 1957चं. लग्नानंतर बाबा आलापल्लीकडे एका लाकूड आगारात कारकून म्हणून गेले, आई इकडे सासरी राहिली. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, तो झाला 1982 मध्ये. ही सगळी झाडी चांदा जिल्ह्यातच होती. पावसाळ्यात नद्या भरल्या की वाटा बंद. पहिल्या वर्षी बाबा सुट्टीला आले ते चांद्याच्या बाजारातून ही अंगठी घेऊन. तीन मासे सोनं, त्यात लाल खडा. आईच्या बोटात घालून म्हणाले, पुढच्या दिवाळीले तुले घेऊन जातो.

पुढची दिवाळी आली. राहायला खोली मिळाली नव्हती. त्याच्या पुढची आली. तेव्हा आजोबा आजारी होते, आईनं जायचं कसं? मग दीराचं लग्न, मग एक वर्ष पाऊसच नाही. दरवर्षी बाबा येत, आणि दरवर्षी आई दोन लुगडी घडी घालून ठेवी आणि पुन्हा उलगडी. तिसऱ्या की चौथ्या वर्षी, रोवणीच्या दिवसांत, गुडघाभर चिखलात पऱ्हे रोवताना तिच्या अंगठीतला खडा पडला. तिला कळलं ते संध्याकाळी, विहिरीवर हात धुताना. दुसऱ्या दिवशी साऱ्या बायकांनी ती बांधी बोटांनी चाळली. रोवलेल्या धानात पाय न लावता. खडा मिळाला नाही. तो अजून त्या बांधीत आहे.

शाकुंतलात अंगठी पाण्यात पडते, आणि ती मासळीच्या पोटातून राजाच्या हाती परत येईपर्यंत त्याला दिलेला शब्द आठवत नाही. शाळेत ते वाचलं तेव्हा मला आईची आठवण झाली होती आणि राजाचा राग आला होता. आईच्या अंगठीतला खडा चिखलात पडला तेव्हा दीडशे किलोमीटरवर आलापल्लीच्या सागवानात बसलेल्या बाबांना तर काही कळलंही नव्हतं. त्यांना पत्र लिहिलं नाही तिनं. अंगठी काढली नाही. खड्याचं रिकामं घर बोटात घालून ती राबत राहिली. त्या घरात पीठ जाऊन बसायचं. तांदळाच्या भाकरी थापून झाल्या की ती बाभळीच्या काट्यानं ते कोरून काढायची, मग अंगठी पदराला पुसायची. हे मी नंतर आलापल्लीत माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, कारण 1964च्या दिवाळीत बाबा तिला घेऊन गेले. सहा वर्षांनी. मी पुढच्या वर्षी तिथेच जन्मले.

बाबांनी तिथे गेल्यावर म्हटलं होतं, आता नवा खडा बसवून घेऊ. आई म्हणाली, “आता कायले?”

हा तिचा एवढाच प्रश्न मला तिनंच सांगितला होता, म्हातारपणी, हसत. त्यात रुसवा होता का, तृप्ती होती का, मी अनेकदा विचार केला आहे. आता मला वाटतं, तिचा जीव त्या कोंदणावर बसला होता. आपण खड्याची निवड करताना सारं लक्ष रंगावर, पाणीदारपणावर, वजनावर देतो. त्याला धरून ठेवणारी सोन्याची बारीक कड कुणी निरखून पाहत नाही. दिवसभर पीठ, राख, चिखल, साबण यांचा मारा त्या कडेवर होतो. आईनं सहा वर्षं ती कड वाकू दिली नाही.

भाची डबी हातात घेऊन बसली होती. तिनं आजीला फार थोडं पाहिलं होतं. अंगठी बोटात घालून पाहिली तर ती सैल झाली नाही, घट्टही झाली नाही.

“मावशी,” ती म्हणाली, “ही मले देशील?”

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्याच दुकानात होतो. सोनारानं अंगठी काट्यावर ठेवली. 2.740 ग्रॅम. तीन मासे म्हणजे गुंजेच्या हिशेबात चोवीस गुंजा, आजच्या हिशेबात 2.9 ग्रॅमच्या वर. जंगलातल्या वेलीवरचं ते लाल बी, काळ्या डोळ्याचं, आपल्या सोनारांनी शतकानुशतकं तराजूत ठेवलं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे आईच्या हातात जवळजवळ दीड गुंज सोनं झिजलं. ते कुठं गेलं? भाकरीत, भांड्यांवर, आमच्या पाठीवरून फिरलेल्या तिच्या हाताबरोबर. मला हे बोलता आलं नाही. सोनारानं माझ्याकडे पाहिलं आणि काटा हळूच बंद केला.

खडा भाचीनं मनाशी ठरवला होता. “तामडा दाखवा.”

तामडा, डाळिंबाच्या दाण्यासारखा गडद लाल, माणकाचा गरीब भाऊ म्हणतात त्याला. राजस्थानातून येतो. कठीणपणात सातच्याच आगेमागे, म्हणजे धुळीशी त्याची बरोबरीची झुंज. काही वर्षांनी कडा थोड्या मवाळ होतील, हे सोनारानं आधीच स्पष्ट सांगितलं. माणिक घ्या, ते टिकते, असंही सांगितलं. धंद्यातला माणूस असा असावा. भाची म्हणाली, “आजीचाही तामडाच असन. तीन माशाच्या अंगठीत माणिक कोण देते?” हा तर्क मला साठ वर्षांत सुचला नव्हता. आमच्या घरात तो खडा कायम माणिकच होता.

त्याच्यासाठीही एक तामडा निवडला, त्याच पुडीतला. पण यंत्रांपाशी काम करताना बोटात अंगठी घालायची नसते. कुठे अडकली तर बोट जातं. म्हणून त्याची अंगठी काळ्या दोऱ्यात गळ्याशी राहणार. “वरून दिसनार नाही,” तो म्हणाला. भाची म्हणाली, “दाखवायची कोनाले हाये?” वैरागडच्या नदीतली ती दुधी गारगोटी तिनं पर्समधून काढून त्याच्या हातात दिली. तिला पैलू पाडायचे नाहीत, भोक पाडायचं नाही, असं बजावून. त्यानं ती खिशात टाकली आणि वरून हात ठेवला.

सोनारानं डोळ्याला भिंग लावलं. तामडा बसवण्याआधी कोंदण साफ करायला हवं होतं. त्यानं सुईसारखं टोकदार हत्यार घेतलं आणि तळाशी घट्ट बसलेला थर हळूहळू उकलू लागला. करडा, वाळून दगड झालेला. पीठ असेल, राख असेल, तळाला सहा दशकांपूर्वीची रोवणीची मातीही असेल. आई गेल्यावर मी ती अंगठी कधी घासली नव्हती. चिमटीतही येणार नाही एवढीशी भुकटी खालच्या पांढऱ्या कागदावर पडली. सोनार ती फुंकरीनं उडवणार, तेवढ्यात भाची म्हणाली, “काका, थांबा.”

तो थांबला. तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग काहीही न विचारता त्यानं कागदाच्या कडा आत घेतल्या, एकदा दुमडला, दुसऱ्यांदा दुमडला, हिऱ्याची पुडी बांधतात तशीच ती घडी बोटांनी चापून बसवली. सवयीनं कानामागची पेन्सिल काढली आणि वजन लिहायच्या जागी टेकवली.